संगणक-सल्ला : ओएस नवी टाकली आणि गावची स्क्रीन दिसेनाशी झाली

प्रश्न : ताई, मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, आता निवृत्त आहे. राहायला डोंबिवलीत, पण गुहागर तालुक्यात आमचं घर आणि पोफळीचं आगर आहे. तिथल्या टाकीची पातळी बघायला आणि शिंपण्याचा पंप चालू-बंद करायला पंपाच्या खोलीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला आहे. नेट सिमकार्डाच्या राउटरवर. २०१७ पासून मी व्हीएनसीवरून डोंबिवलीत बसून तिथली स्क्रीन बघत होतो. त्यासाठी वेगळं काही आणावं लागलं नव्हतं, ओएसबरोबरच, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीबरोबरच, ते आलं होतं. गेल्या दिवाळीत मेमरी कार्ड गेलं म्हणून नव्या कार्डावर नवी ओएस टाकली. सेटिंगमध्ये व्हीएनसी 'चालू' दिसतं, पण डोंबिवलीहून काही जोडलं जात नाही. माझ्या खात्यात त्या यंत्राचं नावच येत नाही. गावी असताना घरच्या वायफायवरही जुन्या व्ह्यूअरनं जमलं नाही. चार दिवस केबली आणि राउटर तपासले. माझं काय चुकलं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर, तुमचं काहीच चुकलेलं नाही. सेटिंगमधलं बटण तेच राहिलं, त्याच्या मागचं सॉफ्टवेअर बदललं. बदलल्याची खूण त्या बटणावर नाही, म्हणून आयुष्यभर सर्किटं शिकवलेल्या माणसालाही चार दिवस केबली उचकाव्या लागल्या. याचं मला खरंच वाईट वाटतं.

झालं ते असं. सप्टेंबर २०१६ मध्ये रास्पबेरी पायच्या ओएसबरोबर रिअलव्हीएनसी कंपनीचा स्क्रीन पाठवणारा सर्व्हर आणि ती बघायचा व्ह्यूअर आयता यायला लागला. तुम्ही वापरत होतात तो हाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये डेबियन १२ या लिनक्सवर आधारलेली ओएसची 'बुकवर्म' आवृत्ती आली आणि पाय ४ नि पाय ५ वर स्क्रीन उमटवण्याची मूळ पद्धतच बदलली. एक्स११ गेली, वेलँड आली. रिअलव्हीएनसीचा सर्व्हर एक्स११ धरून लिहिलेला होता, त्यामुळे त्याला वेलँडवर काही दिसेना. त्याच्या जागी वेव्हीएनसी नावाचा दुसरा सर्व्हर आला. वर्षभरानं, ऑक्टोबर २०२४ मध्ये, जुनी मॉडेलंही वेलँडवर गेली. तुमचा बोर्ड २०१७ चा, म्हणजे बहुधा पाय ३ असणार. त्यामुळे कार्ड बदलेपर्यंत तुम्हाला यातलं काही जाणवलं नाही. जुन्या कार्डावर जुनी ओएस निवांत चालली होती.

हा बदल कुणाच्या लहरीनं झालेला नाही, हेही सांगायला हवं. एक्स११ ची घडण १९८७ ची. जुन्या वाड्यात चौकात उभं राहिलं की कुणाच्या खोलीत काय चाललंय ते दिसतं, तसं तिथं एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी दिसते, दुसरीकडे टाइप होत असलेला पासवर्डसुद्धा ऐकता येतो. स्क्रीन लांब पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे सोयीचं होतं आणि चोरालाही तेवढंच सोयीचं. वेलँडनं प्रत्येक खोलीला दार लावलं. आता ज्याला सगळी स्क्रीन बघायची आहे त्यानं तशी परवानगी मागायची. दार लावणं बरोबरच होतं असं माझं मत आहे. पण दार लावताना आत-बाहेर करणाऱ्यांना नीट सांगायला हवं होतं.

इथं जरा आडवाटेला जाते, कारण ही हकीकत तुमच्या टाकीच्या फार जवळची आहे. १९९१ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं असायचं. दुसऱ्या मजल्यांवरची माणसं जिने चढून यायची आणि भांडं रिकामं बघून परत जायची. शेवटी त्यांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि आपापल्या जागेवरून कॉफीची पातळी बघायला सुरुवात केली. ते चित्र टेबलावर दाखवणारा प्रोग्रॅम लिहिणारे क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर पुढं केंब्रिजमधल्याच ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत व्हीएनसी तयार करणाऱ्यांपैकी एक होते. ती प्रयोगशाळा नंतर एटी अँड टीकडे गेली, २००२ मध्ये बंद झाली, आणि तिथल्या मंडळींनी त्याच वर्षी रिअलव्हीएनसी काढली. रास्पबेरी पायही केंब्रिजचाच. म्हणजे तुम्ही डोंबिवलीतून टाकीतलं पाणी बघता तेव्हा त्या कॉफीच्या भांड्याचंच काम पुढं चालवत असता.

आता तुमच्या अडचणीकडे. तुमच्या त्या एका बटणामागे प्रत्यक्षात तीन कामं चालत होती. गुहागरची स्क्रीन टिपायची, हे पहिलं. कुलूपबंद करून ती पाठवायची, हे दुसरं. तिसरं काम तुम्हाला कधी दिसलंच नाही : डोंबिवलीतला लॅपटॉप आणि गुहागरचा पाय यांची गाठ घालून द्यायची. रिअलव्हीएनसी हे तिसरं काम आपल्या सर्व्हरमार्फत करत होती. म्हणून तर तुमच्या खात्यात यंत्राचं नाव दिसायचं. वेव्हीएनसी पहिली दोन कामं चांगली करतो, तिसरं त्याच्याकडे नाही. त्याला थेट पत्ता लागतो.

आणि तुमच्याकडे तो थेट पत्ताच नाही. सिमकार्डाच्या नेटवर मोबाइल कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरते. चाळीच्या दारात एकच पत्रपेटी आणि खोल्यांवर नंबर नाहीत, असा प्रकार. तुमच्या राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. त्याचे पहिले दोन आकडे १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असतील तर तो सामायिक पत्ता समजायचा. मग राउटरमध्ये व्हीएनसीचं ५९०० नंबरचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, कितीही उघडा, बाहेरून कुणी आत येणार नाही. आतून बाहेर मात्र कुणालाही जाता येतं. पाय बाहेर फोन लावू शकतो, बाहेरून त्याला फोन लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं उलगडतं.

घरच्या वायफायवर जुना व्ह्यूअर चालला नाही त्याचं कारण निराळं : वेव्हीएनसीचं कुलूप त्या व्ह्यूअरला उघडता येत नव्हतं. गावी गेल्यावर लॅपटॉपवर टायगरव्हीएनसी टाका. रास्पबेरी पायवाल्यांनी बुकवर्मबरोबर हाच व्ह्यूअर सुचवला होता, आणि तो फुकट आहे.

डोंबिवलीहून बघायला रास्पबेरी पाय कनेक्ट वापरा. ७ मे २०२४ ला ही सोय चाचणी स्वरूपात सुरू झाली आणि घरगुती वापराला तिचे पैसे पडत नाहीत. पायवर तिचं पॅकेज आधीपासून नसेल तर टाकायचं, वरच्या पट्टीतल्या चिन्हातून ती चालू करायची, रास्पबेरी पायच्या आयडीनं साइन इन करायचं. मग डोंबिवलीत नुसत्या ब्राउझरमध्ये स्क्रीन येते, व्ह्यूअर लागतच नाही. ती जमेल तेव्हा दोन यंत्रांना थेट जोडते, नाही जमलं तर मधल्या सर्व्हरमधून फिरवून आणते. तुमचं हरवलेलं तिसरं काम हेच. यासाठी एकदा गावी जावं लागेल. शेजारच्या कॉलेजच्या मुलाला फोनवरून सांगून करून घेता आलं तर बघा, पण साइन इन तुमच्याच खात्यानं करा. त्याच्या खात्यावर यंत्र जोडलं गेलं की पुढं गुंता होतो.

कुणी तुम्हाला सांगेल, सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा एक्स११ निवडा, जुनं सगळं परत येईल. ते खरं आहे, बुकवर्ममध्ये ती सोय ठेवलेली आहे. तरी मी तुम्हाला तो रस्ता सांगणार नाही. ज्यावरून आज पाणी काढून घेतलं जातंय अशा पाटावर नवं आगर लावू नये.

एक गोष्ट शिक्षक म्हणून तुम्हाला पटेल. पातळीसाठी तुम्हाला स्क्रीन कशाला हवी? हवा आहे एक आकडा. सेन्सरवरचा तो आकडा पायनंच दर तासाला तुमच्या मोबाइलवर पाठवावा. तो बाहेर जाणारा संदेश आहे, सामायिक पत्त्याची अडचण त्याला येत नाही. स्क्रीन फक्त दुरुस्तीपुरती ठेवा. आणि पंपाला टाकीतला साधा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वरखाली होणारं बटण) स्वतंत्र जोडलेला नसेल तर या खेपेला तो आधी जोडा. विहिरीच्या बाजूलाही एक लावा. नेट गेलं, ओएस बदलली, कार्ड बिघडलं, तरी मोटर कोरडी चालून जळता कामा नये.

हे इतकं पोटतिडकीनं सांगते आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी कराडजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेचं काम माझ्या दुकानाकडे होतं. हिशेबाचा संगणक कराडच्या ऑफिसात, संकलन गावात. गावातला मुलगा रिमोटनं ऑफिसच्या संगणकावर यायचा, दुधाचे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) भरायचा, आणि स्लिप गावातल्या छोट्या प्रिंटरवर निघायची. लांबच्या प्रिंटरवर छपाई करण्याची सोय त्या रिमोट सॉफ्टवेअरबरोबरच आलेली होती. कंपनीचं नाव घेत नाही. एका सकाळी सहाला मुलाचा फोन आला, "ताई, स्लिपच निघंना." मी स्कूटरवरून पोचले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एक आजी बरणी रिकामी करून हात पुढं करून उभ्या होत्या. स्लिप हातात पडल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या, आणि का हलावं त्यांनी? त्या कागदावरच त्यांचे दहा दिवसांचे पैसे होते. त्या दिवशी आम्ही वहीची पानं फाडून त्यावर आकडे लिहून, सही करून दिले.

नंतर कराडला येऊन ऑफिसचं कुलूप काढलं. आतल्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये आणि खाली फरशीवर सकाळच्या सगळ्या स्लिपा पडल्या होत्या. रात्री आपोआप झालेल्या अपडेटमध्ये लांबच्या छपाईची सोय काढून टाकली होती, आणि गाव सापडेना म्हणून संगणकानं जवळचा प्रिंटर धरला होता. कंपनीनं कळवलं नव्हतं असंही नाही. तीन महिने आधी ईमेल आलेली होती. पण खातं काढलेलं होतं दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या ईमेलवर. ती पेटी कोण उघडणार?

त्या दिवसापासून कुठल्याही गिऱ्हाइकाकडे गेले की मी पहिल्यांदा हेच विचारते : हे कुणाच्या ईमेलवर नोंदवलंय? सर, तुमच्या कनेक्टच्या खात्यालाही मुलाची किंवा सुनेची ईमेल नव्हे, तुमची स्वतःची, रोज उघडता ती द्या.

प्रश्न : आम्ही इचलकरंजीत एका सीएंच्या ऑफिसात काम करतो. सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१२ आहे, आठ जण त्यावर रिमोट डेस्कटॉपनं टॅली चालवतो. मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप बंद झालं असं ऐकलं, मग आमचं काम थांबणार का? दुसरं म्हणजे, आधीच्या २००८ च्या सर्व्हरवर साहेब त्यांच्या केबिनमधून आमच्या स्क्रीनवर येऊन चूक दाखवायचे, ते या सर्व्हरवर जमत नाही. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काम थांबणार नाही. २७ मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं मागे घेतलं ते स्टोअरमधून उतरवून घ्यायचं 'रिमोट डेस्कटॉप' नावाचं ॲप, त्याच्या जागी विंडोज ॲप आलं. तुमच्या विंडोजमध्ये मुळातच असलेलं 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' वेगळं, ते जागेवर आहे. नावं इतकी सारखी ठेवल्यावर गोंधळ होणारच. तुमच्यापैकी कुणी स्टोअरचं ॲप वापरत असेल तर त्यानं स्टार्टमध्ये शोधून हे मूळचं उघडावं, सर्व्हरचा पत्ता तोच टाकावा.

दुसऱ्या प्रश्नातली सोय, म्हणजे दुसऱ्याच्या चालू स्क्रीनवर येणं, याला शॅडोइंग म्हणतात. ती तुम्ही चुकून बंद केलेली नाही, सर्व्हर २०१२ मधून ती काढूनच टाकली होती. मदत करणाऱ्या माणसांची यानं केवढी अडचण झाली हे मी तेव्हा रोज बघत होते. वर्षभरात, २०१३ मध्ये आलेल्या २०१२ आर२ आवृत्तीत ती परत आणली गेली. काढलेली सोय परत आलेली मी फार क्वचित पाहिली आहे, म्हणून ही आठवण ठेवते.

पण तुमच्या साहेबांना मी शॅडोइंगसाठी नव्हे, दुसऱ्याच कारणासाठी सर्व्हर बदलायला सांगेन. सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ दोन्हींचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नेहमी येणाऱ्या दुरुस्त्या, १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. त्यावर लोकांचे आयकराचे कागद आहेत. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, तेव्हा ते इतकं घातक होतं की आधार संपून पाच वर्षं झालेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती काढली. दर वेळी तसं होईल असं धरून बसता येत नाही. आणि घरून काम करता यावं म्हणून कुणी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट उघडं करून ठेवलं असेल तर हे वाचून झाल्यावर आजच ते बंद करा. घरून यायचं तर आधी व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद खासगी रस्ता), मग रिमोट डेस्कटॉप. नवीन सर्व्हर घ्याल तेव्हा प्रत्येक वापरणाऱ्यामागे परवाना लागतो, त्याची किंमत विक्रेत्याकडून लेखी मागा.

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात असते. पूर्वी ती माझ्या लॅपटॉपवर 'क्विक असिस्ट' उघडायला सांगायची आणि तिथून सगळं नीट करून द्यायची. मध्यंतरी ते उघडायला गेले तर स्टोअरमधून घ्या म्हणून सूचना आली. मी घाबरून बंद केलं. खरं होतं की फसवणूक? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काकू, सूचना खरी होती, आणि घाबरून बंद केलंत तेही योग्यच केलंत. क्विक असिस्ट २०१६ पासून विंडोज १० बरोबर येत होतं. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते ओएसमधून सुटं करून स्टोअरमध्ये नेलं, जुनं उघडलं की नव्याकडे पाठवायला लागलं. दोष शोधून लवकर दुरुस्त करता यावेत हे कारण दिलं होतं. ते मला पटतं. पण ज्या माणसाला मदत हवी आहे त्यालाच आधी सॉफ्टवेअर बसवायला लावायचं, हे पटत नाही. तुमच्यासारख्या किती जणींनी त्या पायरीवर लॅपटॉप मिटला असेल.

आता असं करा. मुलीशी व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही स्वतः स्टार्टमधून मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा आणि तिथं क्विक असिस्ट शोधा. कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. बसवल्यावर कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकत्र दाबली की ते उघडतं. खात्यानं साइन इन तिला करावं लागेल, तुम्हाला नाही. ती कोड सांगेल, तो तुम्ही टाकायचा. मग स्क्रीन दाखवू का असं विचारलं जाईल, तिथं हो म्हणायचं. माउस तिच्या हातात द्यायचा का, हे वेगळं विचारलं जातं.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलं होतं की चोरटे आधी माणसाच्या ईमेलमध्ये ढीगभर कचरा पाडतात, मग मदतनीस बनून फोन करतात आणि क्विक असिस्ट उघडायला लावतात. त्यामुळे बँकेतून, वीज मंडळातून, कंपनीतून, कुठूनही कुणीही फोन करून हे उघडा म्हणालं तर फोन ठेवा. कोड फक्त लेकीचा, आणि तोही तिचा चेहरा समोर दिसत असताना. तिचं काम झालं की खिडकी तुम्ही स्वतः बंद करा, तिच्या भरवशावर ठेवू नका. आणि लॅपटॉपशेजारी एका कागदावर त्या तीन बटणांची नावं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. कोड मात्र त्यावर लिहू नका, तो दर वेळी नवा असतो.